दोन केडगावं आणि बाबांचं बायबल

दिवस पहिला, गुरुवार : कल्याण ते पुणे

आईचं गेली चार वर्षं एकच पालुपद, "मला एकदा केडगावला घेऊन जा, मग मी मरायला मोकळी." मरायबिरायला काही झालेलं नाहीये तिला, गुडघे सोडले तर सत्तरीत माझ्यापेक्षा धडधाकट आहे, पण बोलायची पद्धत. शेवटी जानेवारीच्या अखेरीस रजा मिळाली आणि म्हटलं चला, पुणे, केडगाव, नगर आणि जमलं तर राहुरी असं करून येऊ. नगरला मामा आहे त्यामुळे राहायचा प्रश्न नव्हता.

आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर घोळ नको. आम्ही नगरकडचे मराठी ख्रिस्ती. संडेस्कूल, नाताळची नाटकं (मी कायम मेंढपाळ, राजा व्हायला उंची नव्हती), सोळाव्या वर्षी दृढीकरण (स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायचा विधी), सगळं रीतसर झालं. आणि बाबा गेले तेव्हा हे सगळं सुटलं. किडनीचा त्रास, दोन वर्षं डायलिसिस, घरी प्रार्थनेला माणसं यायची, उपास व्हायचे, मी स्वतः रात्र रात्र गुडघे टेकून बसलेलो आहे. दफनविधीनंतर तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ भेटायला आले आणि आईने दिलेला चहा पीत पीत म्हणाले की बरे झाले असते हो ते, पण कुठेतरी विश्वास कमी पडला. मी त्यांच्या हातातला कप काढून घेतला. खरंच घेतला, अर्धा भरलेला. आईला त्याची अजून लाज वाटते, मला नाही. त्यानंतर सहा वर्षं मी आईला चर्चच्या गेटवर सोडायचो आणि गाडीत बसून मोबाईल बघायचो. स्वतःला नास्तिक पण म्हणवत नव्हतो कारण त्यालाही काहीतरी ठाम वाटावं लागतं, माझ्याकडे नुसता राग होता आणि रागाच्या खाली ही शंका की आपण जे बोलतो ते कोणी ऐकतच नसेल तर?

असो. सकाळी कल्याणला इंद्रायणी पकडली. खंडाळ्याला आईने चिक्कीवाल्याशी घासाघीस केली आणि हरली.

पुण्यात गुरुवार पेठेत पंचहौद चर्च बघायचं होतं. पाच हौद होते म्हणून पंचहौद, खरं नाव पवित्र नाम देवालय. आत शिरलं की रस्त्यावरचा हॉर्न एकदम लांब गेल्यासारखा वाटतो. इथलंच ते १८९० चं चहा प्रकरण, मिशनऱ्यांनी पुण्यातल्या मोठमोठ्या लोकांना बोलावलं, चहा-बिस्किटं पुढे आली, कोणी घेतली कोणी नुसती हातात धरली, त्यात रानडे होते, लोकमान्य टिळक होते, मग कोणीतरी यादीच छापली आणि प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेलं. आईला सांगितलं तर म्हणाली, "बघ, चहाचा कप हातात असताना माणसाने जपून राहावं." टोमणा मलाच होता.

इथे नीळकंठशास्त्री गोऱ्यांचाही संबंध येतो. काशीचा चित्पावन पंडित, ख्रिस्ती मत खोडून काढायचं म्हणून वाचायला बसला आणि १८४८ साली स्वतःच बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाला. हे सगळ्यांना माहीत असतं. पण नंतरही त्यांना शंकांनी जन्मभर छळलं असं वाचलंय, ते कोणी संडेस्कूलमध्ये सांगत नाही. आम्हाला साक्षी, म्हणजे लोक विश्वासात कसे आले त्याच्या गोष्टी, ऐकवल्या त्या सगळ्या एका छापाच्या, आधी अंधार, मग एक रात्र, मग कायमचा लख्ख उजेड, आणि मी प्रत्येक वेळी विचार करायचो की बरं बाबा, आणि मंगळवारी काय झालं?

दिवस दुसरा, शुक्रवार : केडगाव

सकाळची दौंडकडे जाणारी लोकल. रिक्षावाल्यापासून ते शेजारच्या सीटवरच्या नगरच्या काकूंपर्यंत सगळ्यांना केडगाव म्हटलं की नगरचं केडगाव वाटतं, जे नगर शहराला चिकटलेलं आहे. आमचं केडगाव दौंड तालुक्यातलं, हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी, यवत, खुटबाव आणि मग केडगाव. काकू शेवटपर्यंत म्हणत होत्या की तुम्ही चुकीच्या गाडीत बसलाय.

गाडीत मला कवी ना. वा. टिळकांची (लोकमान्य नव्हेत) गोष्ट आठवत होती कारण ती पण गाडीतलीच. नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यात एक गोरा साहेब भेटला, जागा दिली, संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या, उतरताना त्याने बायबलचा नवा करार हातात ठेवला आणि सांगितलं की हे वाच, दोन वर्षांत तू ख्रिस्ती होशील. टिळकांना हसू आलं असणार. वाचत वाचत येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा. तो साहेब कोण होता हे टिळकांना शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्या समोर शेंगदाणेवाला होता, त्याने फक्त सुट्टे नाहीत एवढंच सांगितलं.

केडगावला उतरून मुक्ती मिशन, पंडिता रमाबाईंची निराधार बायका-मुलींसाठीची संस्था. आता आईला इथे का यायचं होतं ते सांगतो. तिची आजी, म्हणजे माझी पणजी, इथे वाढली. १८९६-९७ चा दुष्काळ, पंडिता रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवा आणत होत्या, त्या शेकडो जणींमध्ये पाचेक वर्षांची पणजी होती. गाव कुठलं, आईबाप कोण, तिला काही आठवत नव्हतं, फक्त एक आठवायचं की बैलगाडीत बसवताना कोणीतरी गूळ दिला होता. १९०० च्या दुष्काळानंतर मुक्तीत जवळपास दोन हजार बायका-मुली होत्या म्हणे, दोन हजार जणींचा स्वयंपाक रोजचा, मला ऑफिसच्या पार्टीत चाळीस जणांची ऑर्डर देताना घाम फुटतो.

पणजी मोठी झाल्यावर छापखान्यात खिळे जुळवायची. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या बाईला कळेल अशा मराठीत आणायला घेतलं होतं आणि त्याचे खिळे जुळवायच्या मुक्तीतल्याच बायका. आता खिळे म्हणजे उलटी अक्षरं, आरशात दिसावी तशी, आणि जुळवणारा ओळ उलटी धरूनच वाचतो. आई सांगते की म्हातारपणी पणजी समोरच्याच्या हातातला पेपर टेबलाच्या पलीकडून उलटा वाचायची, सरळ दिला की म्हणायची थांब गं, सवय नाही. आईचे वडील पेपर वाचत असायचे आणि ही पलीकडून बातमी सांगून मोकळी. आणि अंगठा, उजव्या अंगठ्याच्या पेरावर शिशाने काळा झालेला डाग, तो कधी गेलाच नाही. तिला शेवटचं पेटीत ठेवलं तेव्हाही आईने तो बघितला होता.

एका मावशींनी आम्हाला आवार फिरवून दाखवलं. आईने त्यांना येऊन दहा मिनिटांत पणजीची अख्खी कुंडली सांगितली आणि मग दोघी एकमेकींचे हात धरून चालायला लागल्या, मी मागे पिशव्या घेऊन. चर्च दगडी आणि अवाढव्य आहे, एवढ्या बायका बसायच्या म्हणजे तेवढं लागणारच. आत गार होतं. मी एका कोपऱ्यात बसलो, प्रार्थनाबिर्थना नाही, पाय दुखत होते.

आणि तिथे बसून रमाबाईंचा विचार करत होतो. घरचे सगळे तीर्थयात्रा करणारे, वडील अनंतशास्त्री पुराण सांगायचे, हाती होतं ते सगळं दानधर्मात घातलं, उपास केले, अनुष्ठानं केली, आणि १८७४ च्या आसपास काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई, बहीण तिघं उपासमारीने गेली. सोळा वर्षांची मुलगी. भावाबरोबर हिंदुस्थानभर पायी. सगळं केलं आणि वरून काही आलं नाही. हे वाचलं होतं आधी, पण आता एकदम डोक्यात उतरलं की अरे, ही तर माझीच तक्रार आहे. आम्ही पण सगळं केलं होतं. फक्त मला वाटायचं की आपला प्रकार वेगळा, ते नवस आणि आपली प्रार्थना. कसली प्रार्थना, मी पण नवसच बोललो होतो! एवढे उपास, एवढ्या रात्री, त्या बदल्यात बाबा. देवाने माल दिला नाही म्हणून दुकान बदलायला निघालेलो. आणि तो कपवाला माणूस पण त्याच दुकानातला, फक्त तो म्हणत होता की तुमचे पैसे कमी पडले.

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडमध्ये वाँटेजला. त्यावरून पुण्यात किती गदारोळ झाला ते सोडा. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की त्यांनी पुढे स्वतः लिहिलंय की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नाही. तो सापडायला पुढे सात-आठ वर्षं गेली. म्हणजे एवढी मोठी पंडिता, जगाशी भांडून धर्म बदलला, आणि तरी वर्षानुवर्षं आतून रिकामी, आणि ते लपवलं नाही. मला सोळाव्या वर्षी दृढीकरण झाल्यावर काहीच वाटलं नाही हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नव्हतं.

दुपारी रमाबाईंच्या कबरीपाशी गेलो. मावशी म्हणाल्या, मनोरमाबाई आधी गेल्या बरं का. एकुलती एक मुलगी, १९२१ च्या जुलैमध्ये. जिच्या हातात सगळं काम सोपवायचं ती. आणि रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला. मधले आठ-नऊ महिने बाई काय करत होती तर बायबलची प्रुफं तपासत होती. मी मावशींना विचारलं की मुलगी वाचावी म्हणून त्यांनी प्रार्थना केली नसेल का. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या, मग म्हणाल्या, "केली असंल की. आई व्हती." बस, एवढंच. पुढे काही समजावलं नाही, विश्वासाचं गणित मांडलं नाही. दुसऱ्या विषयावर गेल्या, पेरूचं झाड दाखवलं.

दिवस तिसरा, शनिवार : नगर

दौंडहून गाडीने नगर. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण पन्नास वर्षांची जीभ एका जीआरने वळत नाही, मामा फोनवर "नगराला पोचले का" असंच म्हणाला. स्टेशनवर मामा मफलर गुंडाळून उभा. घरी न नेता थेट एका ओळखीच्याच्या शेतावर हुरड्याला नेलं. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेली कणसं, हातावर चोळून दाणे काढायचे, बरोबर शेंगदाण्याची चटणी, गूळ, ताक. आईने गुडघे विसरून मांडी घातली. ह्या हुरड्यावर मी अजून एक पान लिहू शकतो पण नको.

संध्याकाळी मामाने गाव फिरवलं. नगर म्हणजे अमेरिकन मराठी मिशनचं जुनं ठाणं, १८३१ पासूनचं. सिंथिया फरारबाईंची शाळा इथली, सावित्रीबाई फुल्यांनी शिकवायचं प्रशिक्षण जिथे घेतलं ती. ज्ञानोदय हे मिशनचं नियतकालिक १८४२ साली इथूनच सुरू झालं. टिळक इथेच होते, बालकवी त्यांच्या घरी राहायला होते, आणि मामाच्या मते टिळकांनी मराठी ख्रिस्ती माणसावर केलेला सगळ्यात मोठा उपकार म्हणजे इंग्रजी चालींवर बसवलेल्या गाण्यांतून सोडवून अभंग-ओव्या दिल्या. "नाहीतर आपण अजून पियानोवर कण्हत असतो," मामा. तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो असं टिळक म्हणायचेच. मामा पेटी वाजवतो त्यामुळे त्याचं मत पक्षपाती आहे, पण बरोबर आहे.

रात्री झोप येईना. थंडी, परकी गादी, मामाचं घोरणं भिंतीपलीकडून. आईच्या पिशवीत गोळ्या शोधताना बाबांचं बायबल हाताला लागलं. आईचं स्वतःचं मोठ्या अक्षरांचं आणि जड, म्हणून प्रवासात ती बाबांचं छोटं घेऊन फिरते हे मला माहीतच नव्हतं. सहा वर्षं मी ते उघडलं नव्हतं. रेक्झिनचं काळं कव्हर, कडेला पानांचा लाल रंग उडालेला, आत खुणेला एक डायलिसिसची पावती.

पावती मत्तयच्या सव्वीसाव्या अध्यायात होती, गेथशेमाने बागेतल्या प्रार्थनेपाशी. समासात पेन्सिलीच्या रेघा. आधी कळेना काय आहे ते, चार उभ्या आणि पाचवी आडवी, चार उभ्या आणि पाचवी आडवी, मार्केटयार्डात पोती मोजतात तशा. समास भरला म्हणून खालच्या मोकळ्या जागेत, मग पुढच्या पानावर. मी बेडरूमच्या छोट्या दिव्यात बसून मोजल्या. एकशे एकोणनव्वद. आठवड्यातून दोनदा, दोन वर्षं, मधे काही हॉस्पिटलमधल्या चुकल्या असतील. प्रत्येक डायलिसिसला बाबांनी तीच ओळ वाचलेली. हा प्याला टळून जावो म्हणून येशूने स्वतः केलेली प्रार्थना, तीन वेळा केलेली, आणि तो प्याला टळला नाही.

हा उतारा मला पाठ आहे. दरवर्षी उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आसपास ऐकायचो. पण ऐकला नव्हता. इथे तर देवाच्या मुलाचीच विनंती मान्य झाली नाहीये, मग त्या गृहस्थांच्या हिशोबाने त्याचाही विश्वास कमी पडला का? आणि बाबांना हे माहीत होतं. मी शेजारच्या खोलीत सौदा करत होतो आणि बाबा तिकडे एकेक रेघ मारून "तुझ्या मनासारखं होऊ दे" पर्यंत येत होते, काही दिवस रेघ ठळक आहे, काही दिवस इतकी पुसट की पेन्सिल टेकलीय फक्त. त्यांना भीती वाटत होती हे त्या रेघांत दिसतं. विश्वास नव्हता असं कुठेच दिसत नाही.

मी रडलो का वगैरे ते जाऊ दे. मग पावती जागेवर ठेवली आणि सहा वर्षांनी पहिल्यांदा काहीतरी बोललो. मागितलं काही नाही. काय मागायचं ते सुचलंच नाही, नुसतं "आहेस का" असं विचारलं आणि उत्तर आलं नाही आणि तरीही, कसं सांगू, खोलीत मी एकटा नाही असं वाटलं. आता ह्याला कोणी रात्रीचे दोन वाजलेले आणि हुरडा जास्त झालेला म्हणू शकतो. मी स्वतःच सकाळी म्हणून बघितलं. पण ते गेलं नाही.

दिवस चौथा, रविवार : उपासना, आणि राहुरी

महिन्याचा पहिला रविवार म्हणजे प्रभुभोजन. आईने नेहमीप्रमाणे विचारलंच नाही, ती साडी नेसून तयार आणि मी पण शर्ट इस्त्री करतोय म्हटल्यावर मामीकडे बघून भुवया उडवल्या. मला दिसल्या.

पेटी, तबला, टाळ. मामा पेटीवर. पाळकांचं प्रवचन जरा लांबलं, खरं सांगायचं तर मुद्दा पंधरा मिनिटांत झाला होता. मग ताटं बाकांवरून फिरायला लागली. आपल्याकडे म्हणायचं भाकर आणि असतो तो पावाच्या स्लाइसचा चौकोनी तुकडा, कडा कापलेला, आणि औषधाच्या टोपणाएवढ्या पेल्यात द्राक्षाचा रस. गेल्या सहा वर्षांत नाताळला आईच्या आग्रहाखातर जेव्हा जेव्हा आत बसलो तेव्हा मी ताट तसंच पुढे सरकवायचो, आणि आई मुद्दाम समोर बघत राहायची म्हणजे मला अवघडायला नको.

ह्या वेळी ताट आलं आणि मी घेतलं. वीज वगैरे चमकली नाही. हात थरथरला आणि रसाचे दोन थेंब शर्टावर. तुकडा जरा शिळा होता. शंका सगळ्या गेल्या का, तर नाही, आत्ता पण विचाराल तर दुःख का असतं ह्याचं उत्तर माझ्याकडे नाहीये, पण मी आता त्या शंका घेऊन आत बसणार आहे, गाडीत नाही, हे मनाशी पक्कं झालं होतं आणि ताट पुढच्याला देताना मी तसं मनात बोललो, नीट शब्दांत, नाव घेऊन. आई ह्या वेळी पण समोरच बघत होती. फक्त तिने पर्समधून रुमाल काढून माझ्या मांडीवर ठेवला, शर्टासाठी.

दुपारी राहुरीला जायचा हट्ट माझा. मनमाड रोडची अवस्था लिहिण्यासारखी नाही, त्यात उसाचे डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर, पस्तीस-चाळीस किलोमीटरला दीड तास. टिळक दांपत्य राहुरीला राहत होतं, लक्ष्मीबाईंचं सोवळं तिथे सुटलं. नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला म्हणून बाई आधी दूर राहिल्या, मग परत आल्या तरी स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. चार-पाच वर्षं गेली आणि मग स्वतःच विचार करत करत, की जात देवाने केली का माणसाने, त्या बदलल्या. नवऱ्याने समजावून नाही. मामी म्हणाली, "बाईनी घाई केली नाही तेच बरं केलं, नाहीतर जन्मभर नवऱ्याला बोलल्या असत्या." लक्ष्मीबाईंची स्मृतिचित्रे मामीने तीनदा वाचलंय आणि ती त्यांच्याबद्दल शेजारच्या घरातल्या असल्यासारखं बोलते.

त्यांच्या राहण्याच्या खुणा काही आम्हाला सापडल्या नाहीत. तिघांना विचारलं, तिघांनी तीन दिशा दाखवल्या, त्यातला एक कृषी विद्यापीठाकडे पाठवत होता. उसाचा रस पिऊन परत आलो.

दिवस पाचवा, सोमवार : परत

एसटीने आळेफाटा, माळशेज, कल्याण. माळशेजला धुकं नव्हतं, पावसाळ्यात या म्हणे. मामीने डब्यात शेंगापोळी दिलेली. घाटात आई खिडकीला डोकं टेकून झोपली असं मला वाटत होतं म्हणून मी तिच्या पिशवीतून बाबांचं बायबल काढलं आणि त्या रेघांच्या पुढे काय आहे ते वाचायला लागलो.

"ते तू ठेव आता," आई डोळे न उघडता.

"मग तू प्रवासात काय नेणार?"

"तू असशील ना बरोबर."

मग मुरबाड येईपर्यंत गप्प, आणि मुरबाडला डोळे उघडून म्हणाली की संडेस्कूलला लहान मुलांच्या वर्गाला माणूस कमी आहे, काल दुपारीच फोनवर तुझं नाव देऊन टाकलंय, पुढच्या रविवारी सव्वाआठला पोचायचं. मला न विचारता. मी म्हटलं अगं मला शिकवता येतं का? तर म्हणाली, मेंढपाळाची गोष्ट घे, ती तुला येते.